रिकाम्या गाडीचा ब्रेक

२२ एप्रिल २०१९, सोमवार. सकाळी ७

कपाटात संस्थेची जुनी डायरी सापडली. २०१६ची, पूर्ण कोरी. त्या वर्षी पाऊसपाणी चांगलं होतं, लिहायला वेळच नव्हता. वार जुळत नाहीत, ते खोडून दुरुस्त करीन. आजपासून रोज लिहायचं. दूध संस्थेचा चेअरमन महिन्याला एवढी इतिवृत्तं लिहितो, त्याला स्वतःचं एक पान जड नाही.

ठराव क्रमांक एक. पिकअपच्या मागच्या ब्रेकचं काम शनिवारपर्यंत स्वतः पूर्ण करणे व रविवारी माजलगावला जाऊन सौ.ला घरी घेऊन येणे. सूचक मी, अनुमोदक मी. सर्वानुमते मंजूर.

सौ. १४ मार्चला माहेरी गेली. दोन म्हशी सोबत नेल्या. तिकडं कालव्याचं पाणी आहे, तिच्या भावाचं, आप्पारावचं, शेत भिजतं, म्हशींना हिरवा चारा मिळतो. दहा-बारा दिवसांसाठीच गेली आहे. आज चाळिसावा दिवस. मी मोजत नाही, सहज लक्षात आहे.

तिकडं ती वाट बघत असणार. फोन करत नाही, तो तिचा स्वाभिमान. मीही करत नाही, तो माझा. बाकी आमच्यात काही नाही. अडचण फक्त ब्रेकची आहे. माजलगावला जायचं म्हणजे धारूरचा घाट उतरायचा, आणि तो काही ब्रेकशिवाय उतरता येत नाही.

आजचं संकलन ६२ लिटर. पूर्वी नऊशे असायचं. ६२ लिटर पोचवायला पिकअप घेऊन अंबाजोगाईला जातो तेव्हा कॅन मागं एकमेकांवर आपटत असतात.

२३ एप्रिल, मंगळवार

घाटनांदूरला धुळाजी मिस्त्रीला गाडी दाखवली. फक्त दाखवायला. काम मी स्वतःच करणार.

मागच्या ब्रेकच्या लाइनमध्ये एक वॉल्व असतो. चासीवर बसवलेला, आणि त्याचा एक रॉड खाली अ‍ॅक्सलला जोडलेला. माल भरला की गाडी मागून बसते, रॉड हलतो आणि वॉल्व मागच्या चाकांना जास्त ऑइल सोडतो. गाडी रिकामी असली की कमी सोडतो, म्हणजे चाकं जाम होऊन गाडी घसरायला नको. लोडचा वॉल्व म्हणतात. माझं निदान, हा वॉल्व गेला आहे.

धुळाजी गाडीखाली गेला आणि पाच मिनिटांत बाहेर आला. म्हणाला, वाल एकदम ओके हाय, चेअरमन. तुमी मागं ते दोन जास्तीचे पाटे टाकलेत ना, ते काढा. त्यानं गाडी बसतच न्हाई. टनभर माल घातला तरी वालला वाटतंय गाडी रिकामी हाय. आन् सध्याला तर खरंच रिकामी हाय.

शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती.

स्प्रिंगचे ते पाटे काढणार नाही. २०१७ला दूध अकराशे लिटरवर गेलं तेव्हा खास टाकून घेतले होते. बाकीच्यांच्या गाड्या कॅन भरले की मागून जमिनीला टेकायच्या. माझी ताठ. लोक रस्त्यात थांबून बघायचे. चेअरमनची गाडी कधी बसत नाही, असं सभासदांत बोललं जायचं.

वॉल्वच खराब आहे. खराब असलाच पाहिजे. ब्रेक बरोबर नाही हे मी फेब्रुवारीतच घरात सगळ्यांसमोर सांगितलं होतं. सगळे म्हणजे मी आणि सौ. मुलगी नांदेडला सासरी असते.

२४ एप्रिल, बुधवार

सकाळी सहाला गाडीखाली. वॉल्वला दोन बाजूंनी ब्रेकचे पाईप येतात, दोन्हींना नट. दहा नंबरचा पाना बरोबर बसतो. नट गंजलेले आहेत. त्यांच्यावर डिझेल टाकून ठेवलं. घाई करायची नाही, गंजाला वेळ द्यावा लागतो.

संस्थेत दूध मापणारा सटवा आला. गाडीखाली वाकून विचारलं, चेअरमन, सभासद म्हणतेत सांजचं संकलन बंद करायचं का. वीस लिटरसुदीक येईना. निम्मे लोक जनावरं घेऊन चारा छावणीत राहायला गेलेत, दूध तिथंच घालतात. मी गाडीखालूनच म्हणालो, आधी ब्रेक.

२५ एप्रिल, गुरुवार

नट गोल झाला. हल्ली नट निकृष्ट दर्जाचे येतात.

मग प्लायर लावला. मग हातोडी. बोटांची साल गेली. टँकर सहा दिवसांनी येतो, उद्या यायचा आहे, म्हणून हात पोत्याला पुसले. त्याच हातांनी खिचडी केली. खिचडी मला उत्तम जमते. सलग सहा आठवडे जमते आहे.

२६ एप्रिल, शुक्रवार

आप्पारावचा फोन. म्हणाला, दाजी, कवा येता? मी म्हणालो, गाडीचं मोठं काम काढलंय. तर म्हणाला, मग येष्टीनं या की, सकाळी निघलं की दुपारच्याला हिथं.

दूध संस्थेचा चेअरमन बायकोला आणायला एसटीनं जाणार, खिडकीशेजारी बसून, मांडीवर पिशवी घेऊन. विषय बंद केला.

म्हशींची चौकशी केली. मोठी पाच लिटर देते. दोन्ही रवंथ करत निवांत बसलेल्या असतात म्हणाला. सौ.बद्दल वेगळं विचारलं नाही. म्हशींवरून अंदाज येतो.

फोन ठेवताना मागं बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. तिचा आवाज त्यात असावा. नीट कळलं नाही, रेंज कमी होती.

२८ एप्रिल, रविवार

ठराव क्रमांक एकची तारीख आज होती. गणसंख्येअभावी सभा तहकूब.

घरात एकच सभासद आहे हे खरं कारण नाही. नट निघालेला नाही, हे कारण आहे.

३० एप्रिल, मंगळवार. दुपारी

निघाला! म्हणजे नट नाही निघाला. पाईप करवतीच्या पात्यानं कापला. ऑइल डोळ्यात गेलं, दाढीत गेलं, शर्टावर सांडलं. पण वॉल्व आता हातात आहे. तळहातात मावतो. एवढ्याशा वस्तूनं दोन महिने छळलं.

पुसून बघितला. रॉड वर-खाली व्यवस्थित होतो. तोंड लावून फुंकलं, हवा जाते. आतून चकचकीत आहे. म्हणजे बिघाड दिसण्यातला नाही. फार आत असणार.

वॉल्व फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवला आहे. तो फेकायचा नाही. दाखवायला लागेल.

१ मे, बुधवार

आता वॉल्वच्या जागी दोन पाईप सरळ एकमेकांना जोडायचे. मागच्या चाकांना पूर्ण ऑइल, पूर्ण ब्रेक, मधे कुणाची ढवळाढवळ नाही. त्यासाठी धुळाजीकडं जॉइंट मागितला. त्यानं दिला, पण बसवून द्यायला नकार. म्हणाला, असलं काम मी करत नसतो. वाल काढलेली रिकामी गाडी ब्रेक मारला की नाचती. लई जणांचं बघितलंय.

म्हणालो, धुळाजी, बारा वर्षं संस्था मी चालवतो, मला कळत नाही का? तर म्हणाला, तुमी चेअरमन हाव, पण ते गाडीला ठावं न्हाई ना.

पुढच्या वेळी दुसरा मिस्त्री बघायचा. घाटनांदूरला दुसरा नाही, तरी बघायचा.

जॉइंट स्वतः बसवला. थेंबभरही गळत नाही. थोडं गळतं, पण थेंबभर म्हणता येणार नाही.

३ मे, शुक्रवार

लाइनमध्ये हवा शिरली आहे. पेडल दाबलं की थेट तळाला जातं. हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून पेडल मारायचं आणि धरून ठेवायचं, दुसऱ्यानं खाली चाकापाशी निपल सोडायचं, हवा गेली की आवळायचं, मग वरच्यानं पाय काढायचा. क्रम चुकला की हवा परत आत.

सटवाला वर बसवलं. मी खालून ओरडतो, मार, मार, धर. तो मारतो, मारतो आणि सोडून विचारतो, काय म्हन्ला? दोन तासांत ऑइलची एक बाटली संपली. मधेच त्याला फोन आला, तो पेडलवर पाय ठेवूनच उतरायला लागला आणि पडला. लागलं नाही. मला मात्र बोलला, काकूलाच बोलवा बे ह्या कामाला, आपल्याच्यानं न्हाई व्हायचं. चेअरमनला बे म्हणाला. ऐकलं नाही असं दाखवलं.

सौ. पेडलवर असली की अर्ध्या बाटलीत काम होतं. तिला मार, धर असं सांगायला लागत नाही. खाली पान्याचा आवाज झाला की ती समजते. पदर खोचून, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून, समोर रस्त्याकडं बघत बसायची, जशी काही गाडी चालवतेच आहे. एकदा म्हणाली होती, मला शिकवा की गाडी. मी हसलो होतो.

बसायची असं लिहिलं गेलं. बसते.

४ मे, शनिवार

ठराव क्रमांक दोन. कुणाच्याही मदतीशिवाय हवा काढणे.

वेळूची काठी कापून सीट आणि पेडलच्या मधे अडकवली. काठी सटकली. विटा रचल्या. विटा पडल्या. शेवटी स्वतः वर चढायचं, पेडल मारून काठी अडकवायची, खाली धावायचं, निपल सोडायचं, आवळायचं, परत वर. असे त्रेसष्ट फेरे झाले. शेजारच्या मंजुळाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, भाऊ, देवाच्या भोवती एवढे फेरे मारले असते तर पाऊस आला असता.

पेडल कडक झालं आहे. काम पूर्ण. कुणाचीही गरज लागली नाही.

कंबर धरली आहे.

५ मे, रविवार

गावाबाहेर ट्रायल घेतली. ब्रेक फारच उत्तम. पेडलला पाय लागताच मागची चाकं जागच्या जागी थांबतात. गाडी थोडी तिरकी होते, पण तो रस्ता मुळातच तिरका आहे.

उद्या निघायचं.

६ मे, सोमवार

निघत होतोच. दाढी केली, टँकरच्या पाण्यातला राखून ठेवलेला तांब्या अंगावर घेतला, इस्त्रीचा शर्ट घातला. मग लक्षात आलं, उद्या अक्षय्य तृतीया. सणाच्या तोंडावर माहेरातून बाईला ओढून आणणं बरं दिसत नाही. तिला सण तिकडंच करू दे. मी मनानं मोठा आहे, हे तिला कधीतरी कळेल.

शर्ट काढून घडी करून ठेवला.

८ मे, बुधवार. दुपार

वीज नाही. पत्र्याखाली बसवत नाही. लिहू नये असं ठरवलं होतं, पण डायरी आपलीच आहे.

आमच्या म्हशी तीन होत्या. तिसरी वाकडशिंगी. सौ.नं तिला पहिल्या दिवसापासून वाढवलेली.

जानेवारीत चार किलोमीटरवर छावणी उघडली. सौ. म्हणाली, जनावरं तिथं नेऊ. मी नाही म्हणालो. दूध संस्थेच्या चेअरमनची जनावरं छावणीत बांधलेली सभासदांनी बघितली तर काय म्हणतील. थोडे दिवस थांब, कडबा येतोय म्हणालो. कडबा आला नाही. फेब्रुवारीअखेर वाकडशिंगी खाली बसली, उठेना. सौ. म्हणाली, गाडी काढा, चार माणसं बोलवा, हिला फळीवरून चढवू, छावणीत डॉक्टर येतो. मी म्हणालो, गाडीचा मागचा ब्रेक बरोबर नाही, जनावर कसं भरणार.

ती गाडीकडं बघत राहिली. मग माझ्याकडं.  त्याच दिवशी सकाळी मी त्याच गाडीतून अंबाजोगाईला दूध पोचवून आलो होतो. ते तिला माहीत होतं, कॅन तिनंच धुतले होते.

३ मार्चला म्हैस गेली. अकरा दिवसांनी दुसऱ्याचा टेम्पो येऊन दारात उभा राहिला. उरलेल्या दोघींना तिनं स्वतः चढवलं. जाताना म्हणाली, तुमचा ब्रेक नीट झाला की या.

ब्रेक तेव्हा चांगला होता.

म्हणजे वरवर चांगला होता. आतून वॉल्व जात असणारच. तसं नसतं तर माझ्या तोंडून ते आलंच कसं असतं? तो वॉल्व खराब होता, हे तिला दाखवलं की झालं. पिशवीत घालून ठेवला आहे.

९ मे, गुरुवार

आप्पारावला फोन केला. उद्या तिकडं काम आहे, जाता जाता चक्कर टाकीन म्हणालो. काम काय ते त्यानं विचारलं नाही. मागं वळून कुणाला तरी मोठ्यानं सांगितलं, दाजी येऊ लागलेत उद्या! कुणाला सांगितलं ते कळलं नाही.

१० मे, शुक्रवार. संध्याकाळी ५. आप्पारावच्या ओसरीवर

पोचलो. प्रवास चांगला झाला.

धारूरच्या घाटात तिसऱ्या वळणावर समोरून ट्रक आला. मी ब्रेक मारला. ब्रेक इतका चांगला लागला की मागची चाकं जागीच थांबली आणि गाडी अर्धी गिरकी घेऊन, तोंड परत धारूरकडं करून उभी राहिली. कठड्याला आणि गाडीला हातभर अंतर होतं. ट्रकवाला खाली उतरला. त्यानं चौकशी केली. मरायचं हाय का बे, असं विचारलं. मी मानेनंच नाही म्हणालो. उन्हानं घसा सुकला होता.

मग कठड्यावर अर्धा तास बसलो. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मागं वजन असलं तर चाकं अशी जाम होणार नाहीत, हे सुचलं. रस्त्याकडेचे दगड गोळा करून मागं भरले, वीस-पंचवीस मोठे दगड, आणि उरलेला घाट पहिल्या गिअरमध्ये उतरलो. गाडी दगडांनी जराही बसली नाही.

इथं आप्पारावनं दगड बघितले आणि विचारलं, हे कावून आणले, दाजी? म्हणालो, घरी म्हशींना नवी गव्हाण बांधायला काढलीय. सौ. तेवढ्यात पाणी घेऊन आली होती. तिनं विचारलं, कुणाच्या म्हशींना? मी म्हणालो, चेअरमनच्या दारात गव्हाण असावी लागते. ती तांब्या ठेवून आत गेली.

थोडी भरली आहे अंगानं. चारा-पाणी असलं की सगळ्यांनाच मानवतं. इथल्या महिला दूध संस्थेत सभासद झाली आहे. कार्ड दाखवलं. त्यावर तिच्या नावापुढं माझं नाव छापलं आहे. मला बरं वाटलं. का ते माहीत नाही.

आंघोळीला दोन बादल्या पाणी दिलं. दोन. पाहुण्याला देतात तसं. जेवायला आमरस. आप्पारावची बायको साखराबाई आग्रह करत होती. आत देवापाशी ताटात खण, नारळ आणि तांदूळ काढून ठेवलेले दिसले, वर हळदी-कुंकवाची कोयरी. शुक्रवारचं काहीतरी बायकांचं व्रत असेल.

ठराव क्रमांक तीन. उद्या सकाळी धारेच्या वेळी सौ.ला एकटीला गाठून वॉल्व दाखवणे. ती आपोआप म्हणेल, चला.

११ मे, शनिवार. संध्याकाळी, घरी

भेट अत्यंत यशस्वी झाली.

सकाळी सहाला गोठ्यात गेलो. ती धार काढत होती. हिरवं नवं लुगडं नेसली होती, डोक्याला तेल लावून नीट वेणी. शेणामुतात नवं लुगडं कशाला, असं म्हणणार होतो, पण विषय भरकटला असता. मोठ्या म्हशीनं माझा हात हुंगला आणि तोंड फिरवलं.

पिशवीतून वॉल्व काढला. म्हणालो, हा बघ. हा खराब होता. मी तेव्हा म्हणत होतो ते हेच.

तिनं चरवी बाजूला ठेवली, हात पदराला पुसले, वॉल्व घेतला. रॉड वर-खाली करून बघितला. उजेडाकडं धरून आत बघितलं. बराच वेळ बघत होती. तिला त्यातलं काय कळणार, पण मला घाम फुटला. मला वाटलं आता ती वाकडशिंगीचं नाव घेणार. तिनं नाही घेतलं. तिनं एवढंच विचारलं, ह्याच्यासाठी आलतात का?

म्हणालो, हो. म्हणजे तसं इकडं काम होतं, जाता जाता.

आणखी काही काम? ती म्हणाली.

म्हणालो, नाही. तुझं चालू दे निवांत. घाई काही नाही.

बरं, म्हणाली. वॉल्व पुसून परत दिला आणि पुन्हा धारेला बसली. चरवीत धारेचा आवाज येत होता. मी तिथंच उभा होतो. पुढचं वाक्य तोंडात तयार होतं, दोनच शब्दांचं. पण ते माझ्याकडून आधी आलं असतं तर आजवर मी न्यायला का आलो नाही, हा प्रश्न निघाला असता. तो निघाला असता तर सगळंच निघालं असतं.

चहा घेतला. साखराबाईनं दोनदा विचारलं, दाजी, अजून काई इचारायचं हाय का? मी आंबे कुठल्या बागेतले ते विचारलं. निघताना आप्पारावनं टॉवेल-टोपीचा आहेर केला. टोपी डोक्यात नीट बसली. सौ. उंबऱ्याच्या आत उभी होती. बाकी सगळे गाडीपर्यंत आले. मी हॉर्न वाजवला, दोन वेळा.

आप्पाराव हिरवा चारा भरून देत होता. म्हणालो, घरी कुणाला घालू? तो खाली बघायला लागला.

परत येताना घाट चढायचा होता, ब्रेकचं काम पडलं नाही. एकूण बोलणी समाधानकारक. ती येणारच आहे. तिनं विषय काढला नाही याचा अर्थ तिचं ठरलेलंच आहे.

१२ मे, रविवार

संकलन ४१ लिटर. खिचडी.

१३ मे, सोमवार. सकाळी ११

साखराबाईचा फोन आला होता. चोरून बोलत असावी, आवाज बारीक होता.

म्हणाली, दाजी, तुमी इचारलं कावून न्हाई? वन्सं आकितीच्या सनापासून वाट बघत हुत्या. तुमचा फोन आला तवा बी म्हन्ल्या, काम-बिम काई न्हाई त्याहिचं, मलाच न्याया येऊ लागलेत. मी ओटीचं ताट भरून ठिवलतं, खण-नारळ समदं. पहाटं चारला उठून न्हाल्या, नवं लुगडं नेसल्या, पिशवी दाराआड बांधून ठिवली. म्हशीला न्यायला टेम्पो बी सांगून ठिवलता ह्याहिनी. तुमची गाडी वळणावरनं गेली तवा त्यांनी लुगडं बदललं आन् शेण काढाया गेल्या. नारळ काल फोडून वाटला.

ताट मी बघितलं होतं, असं तिला सांगितलं नाही.

म्हणालो, साखराबाई, तिला फोन द्या. आत्ता द्या. म्हणावं मी आत्ता निघतो, एसटीनं येतो. ती फोन घेऊन आत गेली. भांड्यांचा आवाज येत होता. मग कुणीतरी नळ बंद केला. साखराबाई परत आली. म्हणाली, वन्सं म्हणतेत, त्याहिनीच सांगितलं ना, वाल दावाया आलतो, दुसरं काई काम न्हाई म्हणून. मग आता काय राहिलं.

मी म्हणालो, तसं नव्हतं ते. तिनं मला हळूच विचारलं, मग कसं हुतं, दाजी?  फोन तसाच कानाला धरून बसलो. मग कट झाला.

सव्वीस वर्षांत सुंदरनं माझं म्हणणं कधी जसंच्या तसं घेतलं नाही. भूक नाही म्हणालो की ताट वाढायची. बरा आहे म्हणालो की कपाळाला हात लावून बघायची. तू जा, मी करतो म्हणालो की जायची नाही. त्या भरवशावर मी सगळं आयुष्य उलटं बोलत आलो. परवा गोठ्यातही तसाच बोललो, घाई काही नाही म्हणून.

या वेळी तिनं माझं बोलणं खरं धरलं.